दुसरी भर

विनिसिओ वरंब्यांवरून चालला. बूट घालून. ज्याला हे ऐकून काही वाटत नाही त्याला पुढचं सांगून उपयोग नाही, तरी सांगते. माझा पोटचा पोरगा, चाळिशी ओलांडलेला, कीतो शहरात चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या करणारा ठेकेदार. लहानपणी वरंब्यावर पाय पडला म्हणून मी त्याच्या पोटऱ्या खाजऱ्या पाल्याने लाल केल्या आहेत, आणि त्या वेळी त्याच्या बापाने मध्ये पडायची हिंमत केली नव्हती. तो आज एका पेरलेल्या शेतात उतरला, चालायला धडधडीत सरी असताना वरंब्यांच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि परत येताना टाचा दाबत आला. शेताचा मालक कोण ते विचारू नका. तो मेला तेव्हा येशूबाळ जन्मायचं होतं. पण शेत पेरलेलं होतं, आणि पेरलेलं शेत मालक मेल्याने माळरान होत नाही. मी हे सगळं त्याच्या पिकअपमध्ये बसून बघितलं, दार उघडं टाकून, मांडीवर भाजलेल्या मक्याची पुरचुंडी घेऊन. राग येईल म्हणून थांबले. आला नाही. दात काढताना डॉक्टर सुई टोचतो आणि गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं आहे जानेवारीपासून. पोरी म्हणतात, आई, रड एकदा. जणू काही मी कोंडून ठेवलंय आणि किल्ली देत नाहीये.

खरं म्हणजे आम्ही गावी, विवरातल्या आमच्या शेतावर निघालो होतो. रविवार होता. विनिसिओने सकाळी आंघोळ करून जुनी पँट घातली, तेव्हा मी मनात म्हटलं, आज हा खरंच येतोय. पिकअपच्या मागे मी बापाची कुदळ ठेवली, नवीन नाही, बापाचीच. निघताना सून मागालीने भाजलेला मका बांधून दिला आणि म्हणाली, "सासूबाई, याला दुपारच्या आत सोडा हं, संध्याकाळी माझ्या भावाकडे बाप्तिस्मा आहे." मी म्हटलं, "सोडायला मी कुठं धरलंय? तूच धरलंयस त्याला, बाई, सोळा वर्षं." हसली. तिला वाटलं मी गंमत केली. मग रस्त्यात विनिसिओने गाडी डावीकडे वळवली. "पाच मिनिटं, आई. पाया खणायला मशीन लावलंय, फक्त नजर टाकतो." शहराच्या उत्तर टोकाला, जिथं पूर्वी नुसती निवडुंगं होती, तिथं त्याची नवी इमारत होणार आहे. त्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली माझी आहे, असं तो सगळ्यांना सांगतो. मला सांगताना मात्र 'आपली' म्हणतो.

मशीनने एक दणका दिला आणि पिकअप इतकीशी हलली, कपातला चहा हलावा तशी. मी मान वर केली. उताराच्या पोटात मोठी चौकोनी खाच पडली होती. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट, आणि तिच्याखाली गुडघाभर जाडीचा पांढरा थर. पीठ सांडावं तसा पांढरा, आणि त्यात वजरीचे खडे, ज्यांनी बायका टाचा घासतात तसले, हातात घेतले तर वजनच नाही. मशीनच्या दाताने तो थर दुधावरची साय उचलावी तसा अख्खा उचलला, आणि खाली परत काळी माती निघाली. त्या मातीत वरंबे होते. सरी, वरंबा, सरी, वरंबा, उताराला आडवे, पाणी धावून जाऊ नये म्हणून थोडे वाकवलेले. कुणीतरी आज सकाळी काम करून जेवायला गेलं असावं, असे.

पांढरा थर मी ओळखला. आमच्याच घरचा तो. माझा जन्म पुलुलाहुआच्या विवरात झाला, लग्न तिथंच झालं, सहा बाळंतपणं तिथंच. चहूबाजूंनी उभे कडे आहेत, पश्चिमेला तेवढी एक फट आहे. तिच्यातून रोज दुपारी ढग आत येतो आणि सगळं पुसून टाकतो, शेतं, गुरं, हाक मारणारा माणूससुद्धा. तळाला सपाट काळी जमीन आणि मधोमध पोंदोन्याचा डोंगर, भाकरी टम्म फुगावी तसा. कड्यावरून पायवाट उतरताना त्याच्या अंगात हे थर दिसतात, पांढरा, करडा, वजरीचा, परत पांढरा, आणि लहानपणी आम्ही त्यातले खडे काढून ओढ्यात सोडायचो, कुणाचा लांब तरंगत जातो बघायला. वरच्या सज्जावर पर्यटक उभे राहतात. त्यांना वाटाड्या सांगतो की बघा, ज्वालामुखीच्या आत माणसं राहतात. ते आमचे फोटो काढतात, तिथून मुंगीएवढ्या दिसणाऱ्या आमच्या पाठींचे. एकदा दगड-माती तपासणारी माणसं आमच्या ओसरीवर मुक्कामाला होती. त्यांनी अबेलार्दोला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, समजावलं की येशूच्या जन्माआधी इथं डोंगर होता, त्याने एका फटक्यात पोटातलं सगळं वर फेकलं आणि मग आधार गेल्यामुळे तळ खाली बसला. राख वाऱ्याने लांब लांब गेली, आज जिथं शहर आहे तिथंही पडली. मग घट्ट, चिकट असा उरलासुरला रस हळूहळू वर आला आणि त्याचा पोंदोन्या झाला. ती माणसं गेल्यावर अबेलार्दोने मला चुलीवरची ओटची पेज दाखवली. उकळी बसल्यावर मधे खळगा पडतो, वर साय धरते. "ही आपली जमीन, एदुविहेस," तो म्हणाला. "मी सायीवर कुदळ चालवतो." आणि चमच्याने साय खाऊन टाकली. त्याला असलं काहीतरी करून दाखवायची हौस होती. मी म्हटलं, "खाल्लीस ना जमीन? आता पेर ताटात."

त्याचा मका आता गुडघ्याच्या वर आला असेल. पाऊस लागल्यावर त्याने पेरला, पहिली खुरपणी केली, पहिली भर दिली. मका वाढीला लागला की दुसरी भर द्यावी लागते. दोन्ही बाजूंनी माती ओढून ताटाच्या बुंध्याशी चढवायची, कंबर मोडून, ओळीमागून ओळ. ती दिली नाही तर पश्चिमेच्या फटीतून वारा सुटतो तेव्हा मका आडवा होतो आणि कणीस मातीत कुजतं. दुसऱ्या भरीच्या आधी, जानेवारीत, अबेलार्दो गेला. शेतातून आला, बाकावर बसला, एक बूट काढला. दुसरा काढायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाला, "हा अडकलाय बघ." मी म्हटलं, "थांब, हात धुऊन येते." एवढंच. छोट्या चर्चमागे त्याला पुरला. आमच्याकडे रीत आहे की गेलेल्या माणसाचं उभं पीक शेजारी सगळे मिळून पुरं करतात, पण पहिली ओळ रक्ताच्या माणसाने ओढायची. मेलेल्याचं रक्त जितंजागतं असताना दुसऱ्याने आधी कुदळ लावली तर तो त्याचा अपमान, आणि शेजाऱ्याला ते पीक लागत नाही, पोटात राहत नाही. बायको रक्ताची नसते. पंचेचाळीस वर्षं त्याच्या शेजारी वाकले तरी मी बाहेरचीच. पोरी लग्नानंतर नवऱ्याच्या रक्तात धरतात. राहिला विनिसिओ. नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपल्या नाहीत तोच त्याने माझी गाठोडी गाडीत टाकली, आणि शेजारीण रोसाउराने कुंपणापाशी गाडी अडवून विचारलं, "विनिसिओ, बाबा, ओळ?" तर म्हणाला, "येत्या रविवारी, मावशी, नक्की." रोसाउरा दर आठवड्याला फोन करते. आडून आडून बोलते बिचारी. "वारा अजून नाही लागला," म्हणते. "आम्ही सगळे आहोतच, कुदळी धार लावून ठेवल्यात." कुणाचंही नाव काढत नाही. त्यांची अख्खी आळी कुंपणाबाहेर उभी आहे, आणि आत पाऊल टाकत नाही.

तर हे असं असताना मी त्या खाचेकडे बघत होते. मशीनवाल्याने मशीन बंद केलं. विनिसिओचा जुना गडी चिलुइसा, लाताकुंगाकडचा, तोंडात दोनच दात, खाचेच्या काठावर उकिडवा बसला. "मिस्त्री," तो म्हणाला, "आपल्याआधी कुणीतरी इथं मका लावून गेलाय. आता भाडं मागेल." बाकीचे हसले. विनिसिओ हसला नाही. त्याने आधी रस्त्याकडे बघितलं, मग समोरच्या घरांच्या खिडक्यांकडे, मग सगळ्यांत शेवटी खाली. त्याच्या कपाळाची शीर मला इथून दिसत होती. ती शीर अबेलार्दोची आहे. "कुणी फोटो काढला का?" त्याने विचारलं. कुणी नव्हता काढला. "खबरदार. हे जुन्या वस्तू जपणारे सरकारी लोक एकदा आत शिरले की ब्रशने माती झाडत बसतात वर्षभर, आणि आपण बसतो उपाशी. चिलुइसा, पोरांना जेवायला पाठव. सिमेंटच्या गाडीला फोन लाव, म्हणावं उद्याची आज आण."

"आज रविवार आहे, मिस्त्री."

"मग दुप्पट देतो म्हणावं. देव काय बिल तपासतोय?"

आणि मग तो खाली उतरला आणि चालला, ते मी आधीच सांगितलं. तो घाईत होता, वरंबे सपाट करायचे होते, हे सगळं मला कळतं. मी अडाणी आहे, अडमुठी नाही. काम बंद पडलं तर किती जणांच्या चुली बंद पडतात तेही कळतं. पण मी त्याच्या पावलांकडे बघत होते. माणूस घाबरतो, खोटं बोलतो, लपवतो, तोंडाने काहीही करतो, पण पाय आपोआप सरीत पडतात. आमच्याकडे दारू पिऊन घरी येणारासुद्धा अंधारात सरीतूनच येतो. आमची कुत्री सरीतून चालतात. विनिसिओचे पाय वर पडत होते, एकामागून एक, न अडखळता, फुटपाथवरून चालावं तसे.

मी पुरचुंडी बाजूला ठेवली आणि उतरले. गुडघे कुरकुरले. चिलुइसाने हात दिला. "मावशी, कपडे मळतील." "मळायलाच असतात," मी म्हटलं, "नाहीतर काचेच्या कपाटात ठेवले असते." ज्या कोपऱ्यात विनिसिओ अजून पोचला नव्हता तिथं मी सरीत उभी राहिले. चपला काढल्या. माती गार होती, ओलसर, आणि पायाला काही कळलं नाही, म्हणजे गार आहे हे कळलं, पण बातमी कळावी तसं. वरंब्याची उंची बघितली. पहिली भर झालेली, दुसरी राहिलेली. यात चुकायची सोय नाही, शेजारच्या बाईचा महिना ओळखावा तसं ते पोटावरून ओळखता येतं. शेजारी पांढऱ्या राखेची एक मोठी वडी उलटी पडली होती. तिच्या आता वर आलेल्या तळाला ओळीने भोकं होती, एकेका हाताच्या अंतरावर. राख पडली तेव्हा मका उभा होता, ती त्याच्याभोवती बसली, मग मका आत कुजून गेला आणि त्याची जागा तशीच राहिली. मी एका भोकात अंगठा घातला. बरोबर बसला. गुडघ्याच्या वर गेलेला मका तेवढाच जाड असतो. आत सगळीकडून खरखरीत होतं, आणि मी अंगठा तिथंच ठेवला. आता काहीतरी होईल असं वाटलं. घशाशी काही येईल, डोळ्यांत येईल, पोरी म्हणतात ते सुटेल एकदाचं. वाट बघितली. वर विजेच्या तारेवर एक पक्षी बसला होता, तो उडाला. त्या बाईने पण, म्हणजे त्या वेळच्या कुणा बाईने, आभाळ काळं होताना आधी हाच विचार केला असेल की भर राहिली. मग पळाली असेल. की थांबली असेल, कुणाची तरी वाट बघत. मला तिचं वाईट वाटायला हवं होतं. मी तिचा हिशेब करत राहिले, उतारावर किती ओळी असतील, घरात किती हात लागत असतील, जशी बाजारात उभी राहून दुसरीच्या टोपलीचा करते तशी.

"आई, बाहेर ये," विनिसिओ वरून म्हणाला. "तिथं काही नाहीये."

"मका आहे."

"होता."

"तू वरंब्यावर उभा आहेस."

त्याने खाली बघितलं. खरंच बघितलं, काय म्हणतेय ही, अशा नजरेने. मग पाय उचलला आणि दुसऱ्या वरंब्यावर ठेवला. "आई, ती माती आहे. तू बस गाडीत, तुला ऊन लागतंय." मग चिलुइसाकडे वळून, मला ऐकू येणार नाही एवढ्या आवाजात, म्हणजे जो मला नेहमी ऐकू येतो त्या आवाजात म्हणाला, "बाबा गेल्यापासून अशीच आहे. मनावर नको घेऊ."

मी चपला हातात घेऊन परत गाडीत बसले. पायांची माती झाडली नाही. प्लॅस्टिकची सीट तापली होती, डिझेलचा वास होता, समोर काचेवर लटकवलेली येशूच्या आईची तसबीर हळूहळू फिरत होती, एकदा तोंड, एकदा पाठ. विनिसिओ जन्मला तेव्हा विवरात ढग उतरलेला होता. सुईण येईपर्यंत अबेलार्दो दाराबाहेर हाका मारत उभा होता, दर थोड्या वेळाने, म्हणजे तिला घर सापडावं, आणि मी आत वेणा देत होते आणि मला त्या हाकांचा राग येत होता, की हा काय गुरं हाकतोय का. पोर निघालं तेव्हा पायाळू निघालं, आधी पाय. अबेलार्दोने तेच पाय हातात धरले, बोटं मोजली आणि म्हणाला, "हे माझे आहेत." पोरगा चालायला लागला तसा त्याला शेतात नेऊन पुढे चालवायचा, दोन्ही हात धरून, सरीतून. पोरगं मध्येच वरंब्यावर चढायचं, तो त्याला उचलून खाली ठेवायचा. शंभरदा चढायचं, शंभरदा ठेवायचा. मी असते तर दुसऱ्यांदाच फटका दिला असता, आणि पुढे दिलाही. कुणाचं खरं झालं? मला वाटायचं फटक्याचं लक्षात राहतं. आता बसल्या बसल्या मी तो सगळा विचार परत उलगडला, मक्याचं कणीस सोलावं तसा एकेक पापुद्रा, आणि आत दाणेच भरले नव्हते, नुसता दांडा. म्हणजे आठवण होती, पण तिला चव नव्हती. मी पुरचुंडीतले चार दाणे तोंडात टाकले. त्यांनाही नव्हती. मागालीने मीठ घातलं नव्हतं असंही असेल.

सिमेंटची गाडी आली. पोट फिरवत आली, गाभण म्हशीसारखी, आणि मागे मागे सरकत खाचेच्या तोंडाशी लागली. पोरं जेवून परत आली होती, कुणी शिट्टी वाजवत होतं. पन्हाळीतून करडं सिमेंट उतरायला लागलं. ते लांबून त्या राखेसारखंच दिसत होतं, फक्त ओलं. पहिल्यांदा सऱ्या भरल्या. मी बघत होते की वरंब्यांचे माथे किती वेळ दिसतात. काही वेळ दिसले, जिथं त्याने तुडवले नव्हते तिथले. मग एकाच्या वरून गेलं, मग सगळ्यांच्या, आणि चिलुइसा फळीने वरचा थर सारखा करू लागला. तोंडातल्या दोन दातांमध्ये त्याने विझलेली सिगारेट धरली होती. कुणी हसत नव्हतं आता, काम चाललं होतं.

विनिसिओ गाडीपाशी आला. हातावर सिमेंटचे शिंतोडे, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे शाळेत पास झाल्यावर असायचं. मोकळं, जरा केविलवाणं. त्याला हसताना बघून त्याचा बाप दिसतो असं सगळे म्हणतात. मी शोधलं.

"झालं," तो म्हणाला. "ती बघ आई, त्या कोपऱ्यात, तिथं तुझी खोली. खिडकी मुद्दाम उत्तरेला काढतोय. डोंगर दिसेल तुला रोज, कड्यापर्यंत सगळा."

"आणि ओळ?"

"कसली ओळ?"

"बापाची."

त्याने मान पुसली. घड्याळ बघितलं. "आता उशीर झाला ग. हे सुकेपर्यंत मला हलता येत नाही, आणि संध्याकाळी मागालीच्या भावाकडे जायचंय. येत्या रविवारी, नक्की."

"रोसाउरा सकाळी फोनवर सांगत होती, आज वारा सुटलाय."

"मग तिला सांग ना सुरुवात कर म्हणून! कुणीतरी कुदळ मारली म्हणजे झालं. कुठल्या जमान्यातल्या रिती घेऊन बसलात तुम्ही लोक."

"तुम्ही लोक," मी म्हटलं.

"तसं नाही ग. अगं, मका काय, पोतं आणून टाकतो तुझ्या पुढ्यात, बाजारात ढीग पडलेत. एका मक्यापायी तू माझ्याशी अशी बोलतेस? कुणासाठी करतोय मी हे सगळं?" त्याचा आवाज चढला आणि मग फाटला. "तू रडत पण नाहीस, आई. काही बोलत पण नाहीस. मला काय कळणार, तुला काय हवंय ते?"

तो खरंच विचारत होता. दारावर हात ठेवून, मान तिरकी करून, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्या नव्हतं. मी खाली उतरले, चपला घातल्या. मागे जाऊन कुदळ काढली आणि खांद्यावर टाकली. रस्त्यापलीकडे सान अंतोनिओची बस थांबते, तिथून वर कड्यापर्यंत कुणी ना कुणी नेतं, पुढे पायवाट मला पाठ आहे. पोरांनी काम थांबवून बघायला सुरुवात केली होती. चिलुइसाने टोपी मागे सरकवली. विनिसिओ म्हणाला, "आई, सगळे बघतायत. काय करतेयस तू?" मी त्याच्यासमोर उभी राहिले. मिठाचा भाव सांगावा तसा माझा आवाज निघाला, मलाच ऐकू आला.

"मी तुझ्यावर रागावले नाही, विनिसिओ. रागवायला माणूस आपलं लागतं. तू वाईट नाहीस, कष्टाळू आहेस, पोरंबाळं सुखात ठेवलीस, देव तुझं भलं करो. पण तू आमचा नाहीस. मी आता खाली जाते, आणि कुंपणापाशी उभी राहून सगळ्यांना सांगते की अबेलार्दोमागे रक्ताचं कुणी उरलेलं नाही. मग त्यांना आत यायला मोकळीक होईल."